मधुमेहाचं शिक्षण हा उपचार आहे, मग त्याची मात्राही ठरवा

प्रश्न एका छोट्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचा आहे. त्यांच्याकडे महिन्यातून एकदा मधुमेहाचा वर्ग होतो. तासभर माहिती सांगतात, पत्रकं वाटतात, लोक शांतपणे ऐकतात, शंकाही विचारतात. सहा महिन्यांनी तपासावं तर बहुतेकांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, टक्क्यांत) जिथल्या तिथे. ‘आमचं नेमकं चुकतंय कुठे? आणि स्वतंत्र मधुमेह विभाग नसताना हे नीट करता येतं का?’

येतं. मी बरीच वर्षं हेच काम करते, आणि यासाठी मोठी इमारत लागत नाही हे खात्रीने सांगू शकते. चूक तुमच्या तासात नाही, तो एकच असण्यात आहे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी लिहिताना आपण किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, पुन्हा कधी बघायचं, हे सगळं लिहितो. शिक्षणाच्या बाबतीत मात्र केसपेपरवर ‘समजावून सांगितलं’ एवढंच लिहून मोकळे होतो. कुठल्याही औषधाची एकच गोळी देऊन आपण सहा महिने परिणामाची वाट बघणार नाही.

याला आधार आहे. २०१६ साली शंभराहून अधिक शिक्षण कार्यक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना शिक्षण मिळालं त्यांचं एचबीए१सी इतरांपेक्षा सरासरी सुमारे ०.६ टक्के-अंकांनी जास्त उतरलं होतं. हा फरक काही गोळ्यांच्या तोडीचा आहे. त्यातच असंही दिसलं की रुग्णाशी एकूण संपर्क दहा तासांच्या वर गेला की फायदा स्पष्ट होतो. आता याच्या शेजारी ब्रिटनमधला ‘डेसमंड’चा अभ्यास ठेवा. २००८ साली त्याचे निष्कर्ष आले. टाइप २ मधुमेहाचं (प्रौढांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचं) नुकतंच निदान झालेल्यांना सहा तासांचं, उत्तम आखलेलं गटशिक्षण एकदाच दिलं होतं. वर्षभरानंतर वजन थोडं जास्त उतरलेलं होतं, धूम्रपान कमी झालं होतं, आजाराबद्दलची समज सुधारली होती. एचबीए१सीमध्ये मात्र दोन गटांत फरक नव्हता. तुमच्या वर्गात जे होतंय ते याहून वेगळं नाही, त्यामुळे निराश होऊ नका. फक्त तो एक तास वर्षभरात पसरलेल्या दहा-बारा तासांमधला पहिला तास समजा.

हे तास कधी द्यायचे याचंही उत्तर आहे. अमेरिकेतल्या मधुमेह, आहार आणि मधुमेह-शिक्षण क्षेत्रांतल्या संघटनांनी २०१५ साली चार वेळा ठरवून दिल्या: निदान झाल्यावर, दरवर्षी एकदा, काही गुंतागुंत निर्माण झाली की, आणि आयुष्यात किंवा उपचारात बदल झाला की. रुग्णालयासाठी यातली सगळ्यात महत्त्वाची वेळ चौथी, कारण घरी सोडण्याचा दिवस तिच्यात येतो. नेमका तोच दिवस सगळीकडे घाईत उरकला जातो.

मला एक रुग्ण आठवतात. न्यूमोनियाने दाखल झाले होते, साखर फार वाढलेली, म्हणून इन्सुलिन सुरू केलं. पाच दिवस सिस्टर वेळेवर इंजेक्शन देत होत्या. सहाव्या दिवशी पेन, सुया आणि कागद हातात देऊन घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा साखर चारशेच्या पुढे. मात्रा वाढवायची तयारी सुरू झाली होती. मी म्हटलं, आधी माझ्यासमोर एकदा इंजेक्शन घेऊन दाखवा. त्यांनी सगळं नीटनेटकं केलं. फक्त सुईवरचं आतलं छोटं टोपण काढलं नाही. पेनच्या सुईवर दोन टोपणं असतात, हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. तीन आठवडे औषधाचा थेंबही शरीरात गेला नव्हता, आणि केसपेपरवर ‘इन्सुलिन शिकवलं’ अशी नोंद होती. त्या दिवशी मात्रा वाढवून घरी पाठवलं असतं, आणि पुढे कुणी टोपण काढायला शिकवलं असतं, तर काय झालं असतं, याचा विचार आजही अस्वस्थ करतो.

तेव्हापासून मी ज्या ज्या वॉर्डात काम केलं तिथे एक गोष्ट लावून धरली. इन्सुलिन घरी चालू राहणार असं दिसलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इंजेक्शन रुग्णाने स्वतः घ्यायचं, किंवा घरात जे देणार असतील त्यांनी द्यायचं. सिस्टरने फक्त बघायचं. घरी जाईपर्यंत पाच-सहा वेळा हात बसतो. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर आमच्याकडे बंदच आहे, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. त्याऐवजी म्हणायचं, ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर हे कसं कराल, मला दाखवा.’ परीक्षा सांगणाऱ्याची होते, त्यामुळे रुग्ण अवघडत नाही, आणि जे राहिलंय ते दोन मिनिटांत उघडं पडतं.

जुन्या रुग्णांचंही इंजेक्शन वर्षातून एकदा तरी बघा. वीस वर्षं इन्सुलिन घेणाऱ्याला काय शिकवायचं, असं वाटतं आणि तिथेच चुकतं. पोटावरून हात फिरवा, नुसतं बघून कळत नाही. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचल्यामुळे चरबीच्या मऊ गाठी झालेल्या असतात. तिथे दुखत नाही म्हणून माणूस तिथेच टोचत राहतो, आणि गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. साखरेच्या वरखाली उड्यांचं कारण अनेकदा एवढंच असतं. मात्र गाठी सोडून ताज्या जागी टोचायला सांगाल त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलून मात्रा थोडी कमी करा, नाहीतर साखर झपकन खाली जाईल. सुई चार मिलिमीटरची पुरते, जाड माणसालाही. दर वेळी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब येतो का ते बघायचं, आणि बटण पूर्ण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढायची. गढूळ दिसणारं इन्सुलिन तळहातांत हलकेच घोळवून एकसारखं करायचं, जोरात हलवायचं नाही. उघडलेली कुपी बहुतेक प्रकारांत अठ्ठावीस दिवस चालते, पण वेष्टनावर जे लिहिलं असेल ते खरं. जिथे कुपी आणि सिरिंज वापरतात तिथे एका मिलिलिटरला ४० युनिटची कुपी आणि १०० युनिटची कुपी यांच्या सिरिंजा वेगळ्या असतात, हे हातात दोन्ही देऊन दाखवा. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर मात्रा अडीचपट जाते. ही चूक जीव घेऊ शकते.

दुसरा विषय साखर खाली जाण्याचा. इन्सुलिनवर असलेल्या किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाला हे निदानाच्या पहिल्याच आठवड्यात यायला हवं. साखर ७० च्या खाली गेली तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून खालीच असेल तर पुन्हा तेवढंच घ्यायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. ५४ च्या खाली गेली तर ती गंभीर घटना समजून त्याच दिवशी कळवायचं. हे घरच्यांसमोर शिकवा, कारण घाम फुटून हात थरथरत असताना हुशार माणसालाही पाठ केलेलं सुचत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, हे दोनदा सांगा. प्रेमापोटी लोक नेमकं तेच करतात. आणि वयस्कर, मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाची साखर गोळ्यांमुळे खाली गेली असेल तर साखर खाऊन बरं वाटलं म्हणून घरी ठेवू नका. गोळीचा परिणाम बराच टिकतो, काही तासांनी साखर पुन्हा कोसळते. अशा माणसाला रुग्णालयात देखरेखीखाली ठेवायला हवं.

याची एक दुसरी बाजू पत्रकात कधी लिहिलेली नसते. एकदा रात्री साखर खाली जाऊन घाबरलेला माणूस नंतर मुद्दाम साखर वाढलेलीच ठेवतो. झोपण्याआधी खातो, इन्सुलिन दोन युनिट कमीच घेतो. आपण त्याला बेफिकीर समजतो. तो खरं तर फार काळजीपूर्वक वागत असतो. भीती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, म्हणून विचारा.

आता ग्लुकोमीटरबद्दल. रोज सकाळी उपाशीपोटी एक आकडा वहीत लिहिणारे खूप भेटतात. त्या आकड्याचं करायचं काय, हे त्यांना सांगितलेलं नसतं. मग बोट टोचण्याचा त्रास आणि पट्टीचा खर्च, दोन्ही वाया. मी जोडीने तपासायला सांगते: एका जेवणाआधी आणि त्याच जेवणाच्या पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी. तीन दिवस न्याहारीची जोडी, मग तीन दिवस दुपारची, मग रात्रीची. बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य. जोडी हातात आली की रुग्ण स्वतःच बोलू लागतो, ‘या जेवणाने नव्वद वाढली, त्या जेवणाने तीसच.’ कोणत्या पदार्थाने किती फरक पडतो, जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललं तर काय होतं, हे त्याच्या शरीराने त्याला सांगितलेलं असतं. माझ्या सांगण्यापेक्षा ते कितीतरी पक्कं बसतं.

म्हणून आहारात मी निषिद्ध पदार्थांची यादी देत नाही. यादी दिली की माणूस एकतर घाबरून अर्धपोटी राहतो नाहीतर चोरून खातो. अर्ध्या ताटात पिष्ट कमी असलेल्या भाज्या, पाव भागात प्रथिनं, पाव भागात पिष्ट, एवढं चित्र सुरुवातीला पुरतं. पुढचं आहारतज्ज्ञांनी त्या माणसाच्या रोजच्या खाण्यात बसवायचं. व्यायामाचंही थोडक्यात: आठवड्याला १५० मिनिटं, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको, स्नायूंना जोर लागेल असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणं.

एचबीए१सी सांगताना नुसती टक्केवारी सांगू नका, ती कुणाला भिडत नाही. मीटरच्या भाषेत सांगा: ७ म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. रक्तक्षय, नुकतंच चढवलेलं रक्त, मूत्रपिंडाचा वाढलेला आजार, गर्भारपण, अशा वेळी हा आकडा फसवतो. तिथे मीटरच्या नोंदींवर जास्त विश्वास ठेवावा. आणि लक्ष्य सगळ्यांचं सारखं नसतं. टाइप १ (ज्यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) असलेल्या १४४१ जणांवरचा डीसीसीटी अभ्यास १९९३ मध्ये संपला. एचबीए१सी ९ च्या आसपास असलेल्यांच्या तुलनेत ७ च्या आसपास ठेवलेल्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा आजार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. तरुण माणसाला हे जरूर सांगा, आकड्यामागे त्याचे डोळे आहेत हे त्याला कळू द्या. पण ऐंशी वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या, एकट्या राहणाऱ्या आजींना ७ चा हट्ट धरू नका. त्यांच्यासाठी ८ च्या आसपास आणि एकदाही चक्कर येऊन पडणं नाही, हे यश मोठं आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते, कारण ती शिकायला मला बराच वेळ लागला. एक गृहस्थ दर महिन्याला वही आणायचे. सगळे आकडे ११० ते १३० मध्ये, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. एचबीए१सी मात्र १० च्या वर. मी मीटरमधली साठवलेली नोंद काढून त्यांच्यासमोर ठेवली. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. आज वाटतं, ती वही खोटी नव्हती. प्रत्येक भेटीत ‘साखर का वाढली? पथ्य मोडलं ना?’ ऐकलेल्या माणसाने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली ती धडपड होती. आपल्या प्रश्नांनीच आपण खरे आकडे घालवतो. आता नव्या सिस्टरना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते: आकडा चांगला किंवा वाईट म्हणायचा नाही. वाढलेला दिसला तर ‘बरं झालं लिहून आणलंत, या दिवशी काय काय झालं होतं?’ असं विचारायचं. आणि प्रत्येक भेट एका प्रश्नाने उघडायची: ‘मधुमेहातलं सध्या सगळ्यात जड काय जातंय?’ उत्तर औषधांबद्दल क्वचितच असतं. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाला रात्रपाळी लागलेली असते, कुणी नुसतं थकलेलं असतं. आजार रोज सांभाळून येणारा हा थकवा म्हणजे नैराश्य नव्हे, पण औषधं चुकण्यामागे तोच असू शकतो. तो मोजण्यासाठी १९९५ पासून वीस प्रश्नांची ‘पेड’ नावाची प्रश्नावली वापरात आहे. पण वेळ नसेल तर वरचा एक प्रश्न आणि त्यानंतर दोन मिनिटं न बोलता ऐकणं, एवढंही उपयोगी पडतं.

पायांसाठी वेगळं व्याख्यान नको. वर्गात आल्यावर सगळ्यांनी बूट-मोजे काढायचे, बस. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे ठरावीक दाब देणाऱ्या बारीक नायलॉनच्या तारेने, तळव्याची संवेदना तपासा. ज्याला तार जाणवत नाही त्याच्या ते स्वतःच्या लक्षात येतं, तेव्हा चेहरा बदलतो. त्याच क्षणी सांगा: रोज रात्री तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर आरशात, पायात घालण्याआधी बुटात हात फिरवायचा, घट्टे स्वतः कापायचे नाहीत, जखम दिसली की दुखत नसली तरी त्याच दिवशी यायचं. लाल, गरम, सुजलेला आणि तरीही न दुखणारा पाय आला तर त्यावर वजन टाकू देऊ नका, आतली हाडं खचत असू शकतात. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन या तपासण्या वर्गाच्याच दिवशी ठेवल्या तर रुग्णाची खेप वाचते आणि तुमची यादी पूर्ण होते.

आजारपणाच्या दिवसांसाठी एक कागद मात्र प्रत्येकाच्या घरी हवाच. ताप, उलट्या, जुलाब सुरू झाले की लोक जेवण नाही म्हणून इन्सुलिनही बंद करतात. टाइप १ मध्ये मूळचं दीर्घकालीन इन्सुलिन कधीही बंद करायचं नाही. आजारात शरीराला उलट जास्त लागू शकतं. साखर दर तीन-चार तासांनी, शक्य असेल तर कीटोनही (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं) तपासायचे. पाणी पोटात ठरत नसेल तर मेटफॉर्मिन आणि एसजीएलटी-२ गटातल्या (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या डॉक्टरांना विचारून तात्पुरत्या थांबवायच्या. या दुसऱ्या गटात साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. ही गोष्ट तातडीच्या विभागातल्या सहकाऱ्यांनाही सांगून ठेवा, कारण मीटरवर दोनशे बघून रुग्ण परत पाठवला जाण्याचा धोका असतो.

हे सगळं करणार कोण, हा तुमचा खरा अडसर असेल. एक सिस्टर पुरेशी आहे, पण दोन अटींवर. आठवड्यातले ठरलेले तास तिचे या कामासाठी राखीव असावेत, गर्दी झाली की दुसरीकडे ओढू नये. आणि शक्यतो रुग्णाला दर वेळी तीच भेटावी. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट येऊन-जाऊन असले तरी चालतं. गट आठ-दहा जणांचा ठेवा. त्यात साखर सांभाळणं जमलेला एक जुना रुग्ण जरूर बसवा. नवीन माणूस त्याचं जसं ऐकतो तसं आपलं ऐकत नाही.

आणि एक फोन ठेवा. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयातल्या डॉ. लिओना मिलर यांनी प्रसिद्ध केलेलं काम मी नेहमी सांगते. गोरगरीब रुग्ण, प्रचंड गर्दी; त्यांनी रुग्णांना शिकवलं आणि कधीही सल्ला विचारता येईल अशी फोनची सोय केली. मधुमेहामुळे दाखल होणाऱ्यांची संख्या त्यानंतर ठळकपणे घटली. आमच्याकडे घरी सोडलेल्या प्रत्येकाला तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन जातो. पाच मिनिटं: आज सकाळी किती इन्सुलिन घेतलं, साखर किती होती, कुठली गोळी अजून आणायची राहिली आहे. निम्म्या गडबडी तिथेच पकडल्या जातात.

तुम्ही वर्गाचा नवा आराखडा करण्याआधी येत्या आठवड्यात एवढं करा. इन्सुलिनवर असलेले पहिले दहा रुग्ण घ्या, प्रत्येकाला समोर बसवून इंजेक्शन घेऊन दाखवायला सांगा, पोट चाचपा, मीटर वापरताना बघा. न बोलता, न टोकता जे दिसेल ते लिहून काढा, आणि तुमच्या पहिल्या तीन वर्गांचे विषय त्याच कागदावरून घ्या.